मोठ्या काकांच्या टॉर्चचं नोझल

डिचोलीचं आमचं घर रस्त्याच्या बाजूने वेल्डिंगचं दुकान होतं आणि मागच्या बाजूने घर. मधे एकच दार, आणि त्या दाराला कडी लागलेली मला आठवत नाही. त्यामुळे दुकानातलं सगळं घरात यायचं. खनिजाच्या ट्रकांनी उडवलेली तांबडी धूळ, तापलेल्या लोखंडाचा वास, कार्बाइडचा सडक्या लसणासारखा दर्प, ड्रायव्हरांच्या शिव्या. आई दिवसातून कितीदा तरी पाण्याच्या हंड्यावरचं फडकं झटकायची आणि ते पुन्हा तांबडं व्हायचं. उलट दिशेने घरातलंही दुकानात जायचं. काकीने कोलंबीच्या कालवणात, हुमणात, त्रिफळं टाकली की बाहेर बाकावर बसलेला गिऱ्हाईक मान वळवून विचारायचा, आज सुंगटां काय गो? मी त्या दाराच्या उंबऱ्यावर बसून अभ्यास करायची. माझी वह्यापुस्तकं नीट लावलेली असायची, पेन्सिली उंचीप्रमाणे. तेव्हापासूनची सवय. आज मी पेडण्याकडच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळते. तिथे प्रत्येक वस्तूला खण आहे, खणाला चिठ्ठी आहे, आणि चिठ्ठीवर माझं अक्षर आहे. या एका गोष्टीला मात्र मला इतक्या वर्षांत खण सापडलेला नाही, म्हणून ती इथे लिहून ठेवते.

दुकान दोघा भावांचं. मोठे काका, म्हणजे रघुनाथ, थोरले. बाबा धाकटे. दोघे मूळचे पेडण्याकडच्या गावचे. खाणी जोरात होत्या तेव्हा ट्रकांच्या मागोमाग डिचोलीला आले. काकांनी बाबांना काम शिकवलं आणि बाबांनी ते शिकणं कधी संपू दिलं नाही. त्यांचं लग्न झालं, मी झाले, तरी सायलेन्सर जोडायचा की बदलायचा हे ते दादाला विचारूनच ठरवायचे. आई म्हणायची, तुमका तान लागली तरी दादाक विचारून पाणी पितलात. बाबा हसायचे आणि खरोखरच काकांकडे बघायचे. काका-काकींना मूल नव्हतं. त्यामुळे मी दोघींच्या वाट्याला आले होते. वेणी आई घालायची, भरवायची काकी.

काकांची टॉर्च सगळ्या बाजारात प्रसिद्ध होती. गॅस वेल्डिंगची टॉर्च म्हणजे पितळेची एक मूठ. तिच्या मागच्या बाजूला दोन रबरी नळ्या, एक ऑक्सिजनची आणि एक ॲसिटिलीनची. पुढच्या बाजूला तांब्याचं टोक बसवतात, त्याला नोझल म्हणतात. ज्योत जळते ती नोझलच्या तोंडाशी. जाड पत्र्याला मोठ्या भोकाचं, पातळ पत्र्याला बारीक भोकाचं. काकांची टॉर्च कुठल्याशा परदेशी जहाजावरून उतरलेली. इकडच्या टॉर्चपेक्षा जड, मुठीवर कुणालाच वाचता न येणारी अक्षरं. तिचे आटे वेगळे, इकडचं कुठलंच नोझल तिला बसत नसे. पण ज्योत अशी सरळ आणि इतकी बारीक की पितळेच्या कळशीच्या बुडाचा चिरा काका असा जोडायचे की बोटाला लागत नसे. ती जळताना एकसारखा बारीक आवाज यायचा, दूर कुणीतरी न थांबता श्वास सोडतंय तसा. मी त्या आवाजात पाढे पाठ केले.

पावसाळ्यात खनिज वाहणाऱ्या बार्जी, म्हणजे सपाट बोटी, बंद असतात आणि तेव्हाच त्यांची डागडुजी होते. काका त्या पावसाळ्यात मुरगावच्या बाजूला एका बार्जीवर कामाला गेले. जेवण झाल्यावर बार्ज आणि धक्का यांच्या मधल्या फटीत त्यांचा पाय गेला, असं म्हणतात. म्हणतात, कारण कुणी पाहिलं नाही. भरती होती. मासेमारांनी शोधलं, बाबा किनाऱ्याकिनाऱ्याने फिरले, प्रत्येक गावात विचारून आले. काही मिळालं नाही. एका पोत्यात काकांच्या वहाणा, जेवणाचा डबा आणि टॉर्च घरी आली. डबा काकीने घासून ठेवला. वहाणा दाराशी ठेवल्या, नेहमीच्या जागी. टॉर्च बाबांनी दुकानात नेली आणि पुष्कळ दिवस तिला हात लावला नाही.

मग एकदा एका कळशीचं बारीक काम आलं, जे बाबांच्या टॉर्चने होईना. त्यांनी काकांची टॉर्च पेटवली. मी उंबऱ्यावर होते. ज्योत लागली, थोडा वेळ जळली, आणि फट् असा आवाज करून विझली. बाबांचा हात तसाच हवेत राहिला. त्यांनी पुन्हा पेटवली. पुन्हा थोड्या वेळाने फट्. बंदुकीच्या बारासारखा नव्हे. कुणीतरी पाठीमागून अचानक हाक मारावी तसा. बाबांनी टॉर्च खाली ठेवली आणि ते अंगणात जाऊन उभे राहिले. आत आल्यावर आईला म्हणाले, दादा हंयच आसा.

त्या फट् आवाजाचं कारण सांगते. नोझलचं भोक वापरून वापरून फाकतं. मग गॅस जितक्या जोराने बाहेर पडायला हवा तितका पडत नाही, ज्योत आत शिरते आणि टॉर्च फटकन विझते. धंद्यातली माणसं म्हणतात, भुंकते. उपाय एकच, नोझल बदलणं. बाबांना हे माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. दुसऱ्या कुणाची टॉर्च भुंकली तर ते हातातलं काम न थांबवता सांगायचे, तोंड बदल रे तिचं. पण ही काकांची होती. तिला नोझल मिळत नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही होतं.

त्यानंतर बाबा तिला विचारू लागले. आधी मनातल्या मनात असेल. पुढे आम्हाला ऐकू येई इतकं. अमुक काम घेऊ काय दादा? ज्योत सरळ जळत राहिली तर हो, भुंकली तर नको. मोठी मोठी कामं या भुंकण्यावर परत गेली. गिऱ्हाइकांना वाटे, बाबांचा आत्मविश्वास गेला. आई आधी रागावली, मग रडली, मग गप्प झाली. आणि काकी, जी आधी दुकानाच्या बाजूला कधी फिरकत नसे, ती दुपारी चहा घेऊन यायची आणि टॉर्च पेटलेली असली तर दारात उभी राहायची. भुंकली की तिचा चेहरा उजळायचा. मला ते बघवत नसे आणि तिथून उठवतही नसे.

घर मधल्यामधे अडकलं होतं. काका गेले असं कुणी म्हटलं नाही, आहेत असंही म्हणता येईना. काकीचं कुंकू तसंच होतं, हिरवा चुडा तसाच. तिला कुणी हळदीकुंकवाला बोलवत नसे आणि कुणी सांत्वनालाही येत नसे. म्हाळाच्या दिवशी पितरांची नावं घेताना बाबा आजोबांच्या नावानंतर थांबले, भटजींनी वर पाहिलं, बाबा पुढच्या नावाकडे गेले. चवथीला माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची फळापानांची चौकट, बांधायचं काम काकांचं होतं. त्या वर्षी ती कुणी बांधायची यावर बोलणंच झालं नाही आणि गणपतीच्या डोक्यावर नुसत्या काठ्या राहिल्या. शुक्रवारी मासे आणले की काकी त्यांच्या आवडीचं सुंगटांचं हुमण करायची. मग त्याचं काय करायचं हे तिला कळत नसे. ताट वाढून ठेवावं तर माणूस नाही, कावळ्याला ठेवावं तर माणूस मेलेला नाही. ती ते झाकून ठेवायची आणि संध्याकाळी आम्ही सगळे गपचूप वाटून खायचो.

भटजींनी मार्ग सांगितला होता. माणूस सापडला नाही तर दर्भाचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, आणि त्याला माणूस समजून अग्नी देतात. मग पुढचे सगळे दिवस रीतसर करता येतात. बाबा त्यासाठी गावच्या देवळात कौल घ्यायला गेले. देवाच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. त्या दिवशी पाकळी चिकटली ती चिकटलीच. पुजाऱ्याने नंतर यायला सांगितलं, देव बोलणा नाय, मागीर येवा. बाबा घरी आले, हातपाय न धुता दुकानात गेले, टॉर्च पेटवली आणि विचारलं. टॉर्च भुंकली. बाबा म्हणाले, दादा नको म्हणता. विषय संपला.

अजूनही कारखान्याच्या वर्कशॉपमधून मधेच तसा आवाज येतो. वेल्डर नवा असतो, घाई करतो, नोझल तापतं, फट् होतं. माझ्या हातातलं पेन थांबतं. मग मी नवं नोझल काढून पाठवते आणि पुढच्या कामाला लागते. भुंकण्याचं कारण मला पुरेपूर माहीत आहे. पण कारण माहीत असलं म्हणून ऐकू यायचं थांबत नाही.

तर काकी. एके सकाळी विहिरीपाशी आम्ही दोघी कपडे धूत होतो. आई देवपूजेत होती, बाबा दुकानात. काकीने बाबांचा सदरा पिळता पिळता, माझ्याकडे न बघता विचारलं, "शैलू, त्या टॉर्चीक नवा नोझल हाडून देशील?"

मी म्हटलं, बाबा म्हणतत खंयच मेळणा नाय.

"ते सोदूक खंय गेले?" ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "ती भुंकता तेव्हा ते बोलतत, असा तुझ्या बाबाक वाटता. पयलां माकाय वाटायचा."

"आणि आता?"

"आता माका रडाक व्हया." तिने सदरा बादलीत ठेवला. "जित्या घोवाक रडू नये म्हणतत. अपशकून. इतके दिवस मी दोळ्यांतला पाणी दोळ्यांत जिरवलंय. ते हत असा धरून चालायचा तर माका रडता येणा नाय. आणि ते नाय हत, ह्या माका कधीच कळला. बायलेक कळता, शैलू. फक्त टॉर्चीक कळणा नाय."

ती एवढं एका दमात कधी बोलली नव्हती. मी तिला विचारलं, नवी टॉर्चच घेतली तर? ती म्हणाली, नव्या टॉर्चीन काय होतला? ही खुंटीर आसतलीच ना. हिचाच तोंड बंद व्हया.

हे मला पटलं. ते काम माझ्या हातात आलं आणि मी ते माझ्या पद्धतीने केलं. काकांच्या टॉर्चवरचं नोझल काढणं शक्य नव्हतं. पण काकांनी पूर्वी टाकून दिलेलं एक जुनं नोझल भंगाराच्या डब्यात सापडलं. ते रुमालात बांधलं. मनात क्रम लावला: आधी डिचोली, मग म्हापसा, मग मुरगाव. कॉलेजला म्हापशाला जात होते, त्यामुळे घरी काही सांगावं लागलं नाही.

डिचोलीच्या हार्डवेअरवाल्याने नोझल उलटसुलट करून बघितलं आणि मला परत दिलं, जणू मीच त्याला ते भेट दिलं होतं आणि त्याला ते नको होतं. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जुनं लोखंड पसरून बसणारे असतात. त्यांच्यातल्या एकाने मुलगी बघून विचारलं, बाय, तुमच्या घरात दादले, पुरुषमाणसां, नाय काय, चली नोझल सोदता? मी म्हटलं, आसत, पण ते विचारूक लाजतत. तो हसला आणि त्याने पोतंच्या पोतं उपसून दाखवलं. त्यात सगळं होतं, हे सोडून. बाजाराच्या मागे एक लेथवाला होता, बेळगावकडचा. त्याने नोझल डोळ्याशी धरून उजेडाकडे केलं. म्हणाला, आटे काढून देतो की, त्यात काय. पण भोक आतनं गुळगुळीत येत नाही बघा माझ्या हातनं. आत्ता एकदा भुंकतीय, मग दहादा भुंकल. काम घेण्याची हौस होती, तरी त्याने घेतलं नाही, याबद्दल मी त्याची आजही आभारी आहे.

मुरगावला मी एकदाच गेले. बंदराच्या बाजूला जहाजातून निघालेल्या जुन्या सामानाची दुकानं होती. दोर, साखळ्या, पितळी दिवे. दुकानाच्या मागे पाणी दिसत होतं आणि पाण्यावर बार्जी उभ्या होत्या, एकीला एक लागून. मधे मधे पाण्याची काळी फट. मी पाण्याकडे पाठ करून उभी राहिले आणि बोलणं आटोपतं घेतलं. दुकानदार म्हातारा होता. त्याने नोझल बघितल्याबरोबर सांगितलं की हा जहाजाच्या इंजिनरूममधला माल, कुणीतरी तारवटी, म्हणजे जहाजावर नोकरी करणारा, घेऊन उतरला असणार. "ज्याणें टॉर्च विकली, ताकाच विचार," तो म्हणाला. "तो सुटी वस्तू हाडचो ना. पुराय पेटी हाडटलो."

घरी येऊन काकीला विचारलं. तिने क्षणभर आठवलं. मोरजीचो कायतान, ती म्हणाली. दर्याच्या बाजूक घर. मी म्हटलं, हे आधी सांगितलं असतंस तर मी मुरगावला गेले नसते. ती म्हणाली, तू विचारलंस खंय?

मोरजीला कायतानचं घर शोधायला वेळ लागला नाही. माडांमधे, वाळू सुरू होते तिथे. तो व्हरांड्यात जाळं शिवत बसला होता, डोक्याला जहाजावरची जुनी टोपी. मी नाव सांगितलं तसा तो उठला आणि आतून कदेल, म्हणजे खुर्ची, आणली. त्याच्या बायकोने न विचारता चहा आणि तव्यावर भाजलेली पोय, इकडचा कोंड्याचा पाव, आणली, वर साखर भुरभुरवून. मी रुमाल सोडला आणि नोझल दाखवलं.

"रघूली पुतणी," तो बायकोला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, हसत, लटक्या रागाने: "सांग ताका, हांवें कितले दीस वाट पळोवची? तोंड फाटलां, भुंकता, बारीक बुराकाचें एक काडून दवर म्हणून सांगून गेलो. फुडल्या शुक्रारा येतां म्हणलें. हांवें काडून दवरलां. तो खंय?"

काकांनीच येऊन नवं नोझल काढून ठेवायला सांगितलं होतं, पुढच्या शुक्रवारी नेतो म्हणून. मी हळू विचारलं, कधी आले होते ते? त्याने सांगितलं, गेल्या पावसाच्या सुरुवातीला, मुरगावला कामाला जायचं होतं तेव्हा. म्हणजे ते मुरगावला गेले त्याच्या आधीच्या आठवड्यात. म्हणजे टॉर्च काकांच्या हातातच भुंकत होती.

त्याला माहीत नव्हतं. त्याला कुणी कळवलंच नव्हतं, कारण कळवावं असं काही घडलं आहे हेच आमच्या घराने मानलं नव्हतं. तो माझ्याकडे बघत होता आणि मला उत्तर द्यायचं होतं.

"काका मेले," मी म्हटलं. "बार्जीवरून पडून. बुडले."

हे आमच्या घरातलं कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं. ते म्हणताना माझाच आवाज मला परका वाटला. कायतानने टोपी काढली, कपाळापासून खांद्यांपर्यंत क्रूस केला. बायको दारातच थांबली. मग त्याने विचारलं, माती खंय दिली? मी सांगितलं, मिळाले नाहीत. तो समुद्राच्या बाजूला बघत राहिला. माडांच्या पलीकडे नुसता आवाज येत होता.

"आमच्या जहाजार एकलो पडलो," तो म्हणाला. "मेळ्ळो ना. आमी ताचीं कपडां बांदून घरा धाडलीं. ताचे बायलेन ते कपड्यांक माती दिली. इगर्जेंत, पाद्रीच्या हातीं, सगळ्यांभाशेन. मातयेक कितें तरी दिवंक जाय, बाय. ना जाल्यार बायल दारांतच उबी उरता."

मग तो आत गेला आणि एक पत्र्याची डबी घेऊन आला. तेलकट कागदात गुंडाळलेलं नोझल. काकांसाठी बाजूला काढलेलं. ते त्याने माझ्या हातात ठेवलं आणि माझी मूठ स्वतःच्या हाताने मिटली.

परतीच्या बसमधे मी ते मुठीतच धरून बसले होते. घरी पोचले तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं. बाबा दुकानात एकटेच होते, काकांची टॉर्च समोर, एका पितळी कळशीचं काम अर्धवट. सकाळपासून ती त्यांना काम करू देत नव्हती. मी कागद सोडून नोझल त्यांच्यासमोर ऐरणीवर ठेवलं. त्यांनी बघितलं आणि त्यांच्या लक्षात आलं. चेहऱ्यावर पहिल्यांदा जो भाव आला तो रागाचा होता. आता विचार करते तेव्हा वाटतं, भीतीचा होता.

"कोणी सांगला तुका हाडूक?"

मागच्या दारात काकी येऊन उभी राहिली होती. ती काही बोलायच्या आत मी म्हटलं, काकांनी.

मग मी सगळं सांगितलं. मोरजी, कायतान, पोय, फुडलो शुक्रवार. "बाबा, ती तेंच्या हातातच भुंकाक लागलेली. तेंनीच नवा काडून ठेवाक सांगलेला. तेंका तो हाडूक जमला नाय. इतकाच."

बाबांनी नोझल उचललं. बोटांमधे फिरवलं, तोंडाशी धरून फुंकलं, उजेडाकडे करून आरपार बघितलं. हे सगळं काकांसारखंच. आयुष्यभर ते दादाने सांगितलेलं करत आले होते, आणि हेही दादानेच सांगितलेलं होतं. त्यातून त्यांना सुटका नव्हती. त्यांनी पाना घेतला. जुनं नोझल घट्ट बसलं होतं, दोनदा पाना घसरला. काकी दाराची चौकट धरून उभी होती. जुनं निघालं, नवं बसलं, आटे लोण्यासारखे फिरले. बाबांनी साबणाचं पाणी लावून बघितलं, कुठे बुडबुडा नाही. चकमक ओढली.

ज्योत लागली. बाबांनी चाव्या फिरवून ती बारीक केली, मधला पांढरा दाणा टोकदार होईपर्यंत. आणि तो आवाज आला, माझ्या पाढ्यांतला, दूर कुणीतरी एकसारखा श्वास सोडतंय तसा. बाबा थांबले. आम्ही तिघंही थांबलो. मला हे नीट सांगायला हवं: त्या क्षणी, सगळं मीच घडवून आणलेलं असताना, मलाही वाटत होतं की भुंकावी. एकदाच. रस्त्यावरून एक ट्रक गेला, धूळ आत आली, खाली बसली. ज्योत जळत राहिली. बाबांचे ओठ हलले, काहीतरी विचारलं असावं. उत्तर आलं नाही. त्यांनी डोळ्यांवर काळा चष्मा ओढला, कळशी जवळ घेतली आणि चिरा जोडायला लागले. काम पुरं होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मग चाव्या बंद केल्या, चष्मा काढला. डोळ्यांभोवती घाम होता असं मी मानून घेतलं.

"वैनी," ते म्हणाले. काकीकडे न बघता, कळशीच्या बुडावर बोट फिरवत. "भटाक सांगूक धाडतंय."

काकी म्हणाली, "धाडा."

पुतळा गावी, शापोरा नदीच्या काठी झाला. बायका जात नाहीत, त्यामुळे मी पाहिला नाही. बाबा येऊन एवढंच म्हणाले की दर्भ ओला होता, पेटायला वेळ लागला. घरी काकीला मधे बसवून बायकांनी जे करायचं ते केलं. चुडा फोडला, कुंकू पुसलं. या गोष्टी मी माझ्या डोळ्यांनी पाहिल्या आणि त्यांच्याबद्दल माझी मतं आहेत, पण ती दुसरीकडे लिहीन. जमलेल्या बायका वाट बघत होत्या. काकी रडली नाही. कोरड्या डोळ्यांनी बसून राहिली. एक म्हणाली, इतके दिवस धरून ठेवलान, आता आटला. दुसरी म्हणाली, धक्को बसलो असतलो. तेरावं झालं, पाहुणे गेले, मांडवाची झापं उतरली. बाबा माझ्याकडे बघत नसत. मला वाटायला लागलं होतं की मी सगळ्यांकडून काहीतरी काढून घेतलं आणि बदल्यात कुणालाच काही दिलं नाही.

एके दिवशी दुपारी जेवणं झाली होती. आई लवंडली होती. बाबा दुकानात बाकावर बसून पेपर वाचत होते, शेजारी दोघे ड्रायव्हर विड्या ओढत. मी उंबऱ्यावर. काकी चुलीपाशी एकटीच सुंगटं सोलत होती. तिचा हात थांबलेला मला दिसला. मग एक आवाज आला, जो मी तिच्या तोंडून कधी ऐकला नव्हता, खोल, कातरलेला. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा. तिने तोंडात पदर कोंबला, पण आता आवाज तिच्या हातात राहिला नव्हता. ड्रायव्हरांच्या विड्या थांबल्या. एकाने मान वळवली.

बाबांनी पेपर खाली ठेवला. ते उठले, मधल्या दारातून एकदाही आत न बघता काकांच्या टॉर्चपाशी गेले, सिलिंडर उघडले आणि चकमक ओढली. ज्योत नेहमीपेक्षा मोठी ठेवली, आवाज दुकानभर भरला, रस्त्यापर्यंत गेला. ड्रायव्हरांना त्यांनी हातानेच खूण केली, मागीर येवा. ते उठून गेले. बाबा पाठमोरे उभे राहिले, टॉर्च हातात, तोंड भिंतीकडे, आणि काकीचं रडणं पुरं होईपर्यंत त्यांनी ती विझवली नाही. त्या दुपारी दुकानात कसलंही काम नव्हतं.